बिनलोडाचे पाच व्होल्ट

टक. टक. टक. मग आत काहीतरी शीळ घालत मंदावल्यासारखं व्हायचं, क्षणभर गप्प, आणि पुन्हा टक. डिझाइनवाल्या मामांनी हार्ड डिस्क माझ्या कानाजवळ धरली आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नाडी बघणाऱ्या डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तसं.

"काल रात्रीपासून नुसतं असंच करू लालंय बे. मेलं का काय?"

२०१० चा एप्रिल असेल. सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेच्या अलीकडे, मामांची दहा बाय बाराची खोली. पलीकडच्या भिंतीला लागून चार माग चालायचे, त्यामुळे खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच ठेक्यात थरथरायची. टेबलावर चहाचा कप ठेवला तर त्यात गोल गोल लाटा. मामा जन्मभर चादरींची डिझाइनं काढत आलेले. मोर, कोयरी, वेल, काठावरची नक्षी. आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकट रंगवायची आणि मग त्या ग्राफवरून जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, पत्त्यांना भोकं पडायची. पुढे पोराने स्कॅनर आणून दिला, आणि जुने ग्राफ एकेक करून त्या डिस्कमध्ये गेले. कागदांतले काही वाळवीने खाल्ले, काही गळक्या पत्र्याखाली भिजले. थोडक्यात, तीस वर्षांचं काम त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत होतं आणि डबी टक-टक करत होती.

एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथल्या माणसाने ती कशालाच न जोडता, नुसती हलवून, "हेड गेलंय", म्हणजे आतला माहिती वाचणारा भाग गेला, असं सांगितलं आणि आतला माल काढून द्यायचे बारा हजार मागितले. मामांनी एवढे पैसे एका दमात कधी पाहिले असतील तर पोरीच्या लग्नात.

मी तेव्हा डिप्लोमा करून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. संध्याकाळी घरी येऊन सोल्डरिंगचा धूर करायचा, हा छंद. हार्ड डिस्कमधलं मला फारसं काही कळत नव्हतं. मल्टीमीटर तेवढा पिशवीत होता, आणि माहीत असलेलं हत्यार आधी बाहेर काढायचं, ही मेंटेनन्सवाल्याची सवय.

कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टवर मीटर लावला. ५.०२ व्होल्ट. उत्तम. यूएसबी म्हणजे पाच व्होल्ट, आणि पोर्टला ४.७५ ते ५.२५ एवढी सूट असते. म्हणजे पोर्ट ठणठणीत, डिस्क मेलेली. मी तसं म्हणणारच होतो.

त्याच वेळी अप्पा आठवले. माझे वडील पूर्व भागातच जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा माणूस. कुठल्याही कारखान्यात गेले आणि मालक म्हणाला, "आत्ता मोकळा चालवून बघितला, झकास चालू लालाय," की अप्पा हसायचे. "रिकाम्या मागावर पट्टा घसरत नसतो, मालक. सूत लावा, मग बोलू." ताणा भरलेला, धोटा धावतोय, फणी ठोकतेय, तेव्हाच पट्टा कुठे सटकतो ते कळतं. मोकळा फिरणारा माग फार गोड असतो.

मी वायरचं वरचं प्लास्टिक डिस्कच्या टोकाजवळ दोन बोटं सोललं. आत चार तारा निघाल्या: लाल, काळी, हिरवी, पांढरी. लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, विजेची परतीची वाट, हिरवी-पांढरी म्हणजे माहितीची जोडी. लाल आणि काळीत एकेक टाचणी टोचली, टाचण्यांना मीटरच्या पिना धरल्या आणि मामांना म्हणालो, "आता लावा." त्यांनी प्लग खुपसला. डिस्कने फिरायला सुरुवात केली आणि आकडा कोसळला. ४.६, ४.३, पुन्हा ४.५, पुन्हा ४.३. टक. टक. मीटर संथ असतो, खरा खड्डा याहून खोल असणार. तरी एवढं पुरेसं होतं. डिस्क उपाशी होती. उठायला बघत होती आणि गुडघ्यात जीव नसल्यासारखी पुन्हा बसत होती.

पण परवापर्यंत चाललेली डिस्क आज उपाशी कशी? विचारल्यावर मामांनी सांगितलं की कापसाचा भुस्सा पंख्यात बसतो म्हणून पोराने कॉम्प्युटरचा डबा रविवारी पार्टिशनच्या पलीकडे हलवला आणि वायर पुरेना म्हणून बाजारातून एक लांबलचक एक्स्टेंशन आणलं. ते मी हातात घेतलं. दीड मीटर, वरून जाडजूड, आत मात्र केसासारख्या तारा. तिथेच सगळा घोळ होता. अशा वायरींवर बारीक अक्षरात २८ गेज, म्हणजे तारेच्या जाडीचं माप, लिहिलेलं असतं. या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून दीडचे तीन मीटर धरायचे, म्हणजे ०.६४ ओहम. डिस्कच्या लेबलवर लिहिलं होतं ०.८५ अँपिअर. गुणाकार केला की अर्ध्या व्होल्टहून जास्त वीज वाटेतच, नुसती वायर कोमट करण्यात खर्च. त्यात पुढच्या पॅनेलचं पोर्ट, जे आतून आणखी एका बारक्या वायरीने मदरबोर्डला जोडलेलं. डिस्कच्या पानात काय पडणार?

एक्स्टेंशन काढून टाकलं, कॉम्प्युटर पुढे ओढला, डिस्क आखूड वायरीने मागच्या पोर्टला लावली. तीनदा टक-टक केलं आणि चौथ्यांदा शीळ वर चढत गेली, थांबली नाही. स्क्रीनवर फोल्डर उघडलं. मामा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले आणि दोन कटिंग घेऊन आले. त्या रात्री बसून सगळे ग्राफ कॉम्प्युटरवर उतरवले, वर चार डीव्हीडी भरल्या. साडेअकरा वाजले. पलीकडचे माग थांबले होते आणि कपातल्या चहावर लाटा नव्हत्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण चारातून एकदा उठणारी डिस्क म्हणजे रोजची कटकट. शिवाय माझ्या डोक्यात किडा शिरला होता.

यूएसबी आलं १९९६ मध्ये. तेव्हा त्याला कीबोर्ड, माऊस, प्रिंटर असली मंडळी जोडायची होती. डिस्क फिरवणं कुणाच्या मनात असेल असं वाटत नाही. त्यामुळे हिशोब पंक्तीतल्यासारखा ठेवलेला. नवीन आलेल्याला सुरुवातीला १०० मिलिअँपिअर, त्याने आपण कोण, किती लागतं ते सांगितलं आणि कॉम्प्युटरने मान हलवली की ५०० पर्यंत. त्यापुढे वाढप नाही. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने हा आकडा ९०० केला, पण मामांच्या कॉम्प्युटरला त्याची गंधवार्ता नव्हती. फिरायला लागताना ८५० मागणारी डिस्क ५०० च्या पंक्तीला बसवलेली. काही कंपन्या दोन शेपट्यांची वायर देतात, दोन पोर्टांतून थोडं थोडं जेवायला. चालतं ते, पण आहे उधारीचाच कारभार.

माझा एक मित्र, याच गल्लीतला, म्हणाला, "मग त्या पोर्टला बूस्टर लाव की बे. पाचशेचे हजार कर."

बूस्टर या शब्दाने पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबतो. सोलापूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण आपण नळाला मोटार लावणारी माणसं. काही दिवसांआड पाणी येणार, तेही कधी पहाटे तीनला, आणि करंगळीएवढी धार. मग कुणीतरी नळालाच मोटार जोडतो. याच्या टाकीत पाणी धो-धो, आणि पुढच्या तीन घरांत नळ फुस्स करून हवा सोडतो. मोटारीने उजनी धरणात एक थेंब वाढवलेला नसतो. बूस्ट सर्किट नेमकं असंच. ते व्होल्टेज वर चढवतं, त्या बदल्यात मागून जास्त करंट ओढतं. ३.७ व्होल्टच्या मोबाइल बॅटरीतून ५ व्होल्टला १ अँपिअर हवा असेल, आणि सर्किट शंभरातले पंच्याऐंशी पुढे देत असेल, तर बॅटरीतून १.६ अँपिअर निघतो. जे पोर्ट अडीच वॅट देतं त्याला बूस्टर लावून पाच वॅट निघत नाहीत. पोर्ट आणखी लवकर मान टाकतं. जास्त शक्ती हवी तर ती दुसरीकडून आणायची, म्हणजे आपली बोअर मारायची.

तर मी बोअर मारायला घेतली. नवी पेठेतून आत वळणाऱ्या एका बोळात पार्ट्सचं दुकान होतं. काउंटरवर काचेखाली रंगीत रोधांच्या पट्ट्या, मागे शेकडो छोटे ड्रॉवर, आणि ड्रॉवरवर काही लिहिलेलं नाही. मालकांना सगळं पाठ. "७८०५ द्या" म्हटलं की मान न वळवता हात बरोबर त्या ड्रॉवरमध्ये. तीन पायांचा हा जीव, एका पायात सात ते पस्तीस व्होल्टांमधलं काहीही घाला, मधला ग्राउंड, तिसऱ्या पायातून स्वच्छ पाच व्होल्ट. दहा रुपये. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोराची याच्याशी ओळख पहिल्या वर्षीच होते, आणि बोटही पहिल्या वर्षीच भाजतं.

घरात जुन्या मॉडेमचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडून होता. अडॅप्टर, ७८०५, दोन कपॅसिटर, एक लाल एलईडी, सगळं साबणाच्या प्लास्टिक डबीत. अर्ध्या तासाचं काम. आणि पहिलीच चूक मी अशी केली की आजही आठवली तर कान गरम होतात. कॉम्प्युटरकडून येणारी लाल तार आणि माझ्या डबीची लाल तार मी एकत्र पिळून जोडली. म्हटलं, दोघे मिळून ओढतील, एकाला दोन बरे. हे प्रयोगासाठी मित्राच्या कॉम्प्युटरला लावलं. डिस्क पहिल्या झटक्यात फिरली. आम्ही टाळ्या दिल्या. रात्री त्याने कॉम्प्युटर बंद केला, दिवा घालवला आणि मला हाक मारली. अंधारात बंद कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरचे तीन हिरवे दिवे मिणमिणत होते.

वीज डबीतून उलटी, पोर्टाच्या वाटेने, झोपलेल्या कॉम्प्युटरमध्ये शिरत होती. डबीचे ५.०५ आणि पोर्टाचे ४.९, म्हणजे चालू असतानाही डबी पोर्टालाच पाजत होती. सकाळी ते पोर्ट मेलेलं निघालं. शेजारचंही. मित्र चांगला म्हणून त्याने बोभाटा केला नाही, पण पुढे वर्षभर काहीही बिघडलं, अगदी टीव्हीचा रिमोट, तरी माझ्याकडे बघून म्हणायचा, "हात लावलास का बे?"

दोन भाऊ वेगळे राहायला लागले की चुली वेगळ्या होतात, देवघर मात्र एकच राहतं. तारांचंही तेच करायचं होतं. काळी तार सगळ्यांची सामाईक, ती तोडायची नाही. ग्राउंड एक नसेल तर हिरव्या-पांढऱ्या तारांवरचं बोलणं कुणाला कळणार नाही. हिरवी-पांढरी जशीच्या तशी सरळ जाऊ द्यायची, त्यांना कात्री लावायची नाही, उगाच लांबवायचं नाही. फक्त लाल कापायची. कॉम्प्युटरकडच्या लालचं टोक टेप गुंडाळून सोडून द्यायचं, डिस्कला लाल मिळेल ती डबीतून.

आता डिस्क उठली. मामांच्या खोलीत लावली, नमस्कार केला, घरी गेलो. पंधरा मिनिटांत फोन. "पुन्हा टक-टक."

मे सुरू झाला होता. वर पत्रा, बाहेर बेचाळीस अंश, आत मागांची धग वेगळी. मी डबीचं झाकण काढलं, ७८०५ ला बोट लावलं आणि लगेच तोंडात घातलं. गणित तर मला येत होतं, मी ते केलं नव्हतं, एवढंच. ७८०५ जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून फेकतो. बारातून पाच वजा केले, सात उरले. अर्धा अँपिअर गुणिले सात, साडेतीन वॅट. आणि डिस्कला मिळतात अर्धा गुणिले पाच, अडीच. मार्केट यार्डात कांदा नेणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको: शेतकऱ्याच्या हातात अडीच आणि मधल्या माणसाच्या खिशात साडेतीन. पंख, म्हणजे उष्णता घालवणारी धातूची पट्टी, नसलेला ७८०५ दर वॅटमागे पासष्टेक अंश तापतो. साडेतीन वॅटचे सव्वादोनशे अंश आणि खोलीचे बेचाळीस वर. बिचारा मरत नाही, हे त्याचं शहाणपण. दीडशे अंशांच्या आसपास तो स्वतःच दुकान बंद करतो, थंड झाला की उघडतो. ते उघड-बंद म्हणजेच मामांची टक-टक.

या चिपांच्या माहितीपत्रकात मोठमोठे आकडे देतात आणि कडेला बारीक लिहितात, २५ अंश तापमानाला. सोलापुरात २५ अंश असतात ते जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी फिरताना. तिथे कुणी सर्किट चालवत नाही, तिथे वांग्याचं भरीत खातात. मग इथल्या माणसाने पत्रकातला आकडा अर्धा करूनच वाचावा, हा माझा तेव्हापासूनचा नियम. आणि नवीन पोरांना सांगतो, बोट लावून बघताना पाण्यात भिजवून लावा.

अडॅप्टर काढला. नऊ व्होल्टचा, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला, चार डायोडांचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, ब्रिज केला, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि एका मेलेल्या अँप्लिफायरची अॅल्युमिनियमची जाड पट्टी ७८०५ च्या पाठीला स्क्रूने आवळली. गरमी आटोक्यात. पण उठताना डिस्क पुन्हा अडखळायला लागली. या वेळी वहीत आकडेमोड केली. नऊ व्होल्ट एसीचं शिखर पावणेतेरा, दोन डायोडांत दीडेक गेले, सव्वाअकरा उरले. घरातली वीज पन्नास हर्ट्झची, ब्रिजनंतर सेकंदाला शंभर शिखरं. दोन शिखरांमधला शतांश सेकंद डिस्कला कपॅसिटरच्या साठ्यावर काढायचा असतो. अर्ध्या अँपिअरला हजार मायक्रोफॅरड असेल तर त्या तेवढ्या वेळात व्होल्टेज पाचाने घसरू शकतं. सव्वाअकरातून पाच गेले, सव्वासहा. ७८०५ ला लागतात सात. म्हणजे सेकंदात शंभर वेळा त्याच्या नाकात पाणी जात होतं. हजाराच्या जोडीला आणखी एक २२०० चा लावला आणि त्या दिवसानंतर टक-टक बंद.

मीटर या सगळ्यात पाच दाखवत होता बरं का. सरासरी दाखवतो ना तो.

शेवटची सुधारणा मला सर्वांत आवडलेली. मामा रात्री कॉम्प्युटर बंद करायचे आणि डबीचं बटण बंद करायला विसरायचे. डिस्क रिकामी फिरत राहायची. मग ती टेप गुंडाळलेली, कामावरून काढलेली कॉम्प्युटरची लाल तार मला आठवली. तिला एक छोटी पाच व्होल्टची रिले, म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण, दिली. रिलेच्या गुंडाळीला लागतात सत्तरेक मिलिअँपिअर, म्हणजे शंभरच्या आतला मामला. गुंडाळीवर उलटा डायोड टाकला, नाहीतर ती बंद होताना लाथ मारते. आता कॉम्प्युटर चालू झाला की लाल तार रिले ओढते, रिले डबीचे पाच व्होल्ट डिस्ककडे सोडते. कॉम्प्युटर बंद, रिले बंद. जिच्याच्याने ओझं उचललं जात नव्हतं ती तार आता गार्डाच्या शिट्टीचं काम करत होती. सकाळी मामा कॉम्प्युटर चालू करायचे, टेबलाखालून 'टिक' यायचं आणि मागोमाग डिस्कची शीळ. पुढे ते मला म्हणाले, ते टिक ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

मामांची पोरं मला एकेक अडचण आणून द्यायला लागली ती तेव्हापासून. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की माग बंद, पूर्व भागात अशी शांतता पसरायची की लांबच्या रेल्वेचा आवाज यायचा. त्या शांततेत मी एकदा अंगणात बसून पोरांना खेळ दाखवला. भिंतीवरच्या घड्याळातला संपलेला पेन्सिल सेल. जुन्या सीएफएल दिव्यातली फेराइटची कडी, तिच्यावर दोन पदरी तारेचे वीसेक वेढे. एक ट्रान्झिस्टर, एक रोध, एक पांढरा एलईडी. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या पुढे लागतात आणि सेलात उरलेलं व्होल्टेज एकाला टेकत नव्हतं. तरी तो लागला, आणि चांगला लागला.

अप्पा ओट्यावर बसून बघत होते. "मेलेल्या सेलातून?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मेलेला नाही अप्पा. घड्याळाने टाकलेला आहे." मग नळाचं उदाहरण दिलं. भरधाव धावणारं पाणी तोटी एकदम बंद करून अडवलं की पाईप कसा ठाण्णकन ठोका देतो? त्या ठोक्याच्या क्षणी आतला दाब नेहमीपेक्षा किती तरी जास्त असतो. तारेच्या वेढ्यातून धावणारा करंट एकदम तोडला की तसाच ठोका बसतो, फक्त व्होल्टेजचा. ट्रान्झिस्टर हा तोटी सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद करणारा वात्रट पोरगा. प्रत्येक ठोक्याला थोडी वीज वरच्या पायरीवर उडते. तिथे डायोड ठेवला की ती परत येत नाही, कपॅसिटर ठेवला की साठते. बूस्ट सर्किट म्हणजे एवढंच: वेढा, तोटी, डायोड, टाकी. अप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सेल आता लवकर संपणार मग." पहिल्याच फटक्यात त्यांच्या लक्षात आलं ते माझ्या मित्राच्या आजही येत नाही.

आज हे सगळं नखाएवढ्या हिरव्या पाटीवर चाळीस-पन्नास रुपयांत मिळतं, मीही तेच वापरतो. प्रत्येकाच्या खिशात पॉवर बँक आहे आणि तिच्या पोटात हेच बूस्ट सर्किट. तिच्यावरचे १०००० मिलिअँपिअर-तास मात्र आतल्या सेलाच्या ३.७ व्होल्टचे असतात. पाच व्होल्टला नेलं की ७४००, सर्किटने आपलं कमिशन घेतलं की सहा-साडेसहा हजार. मागच्या बाजूला भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरात खरा आकडा बहुधा छापलेला असतो. फसवलं असं नाही म्हणता येणार. कापड तेच, मोजायचा गज दुसरा. टाइप-सी आल्यापासून तर पंक्तीचे नियमच बदलले. उपकरणाच्या सॉकेटमध्ये दोन जादा पिना, त्यांच्यावर ५.१ किलोओहमचे रोध दिसले तरच समोरचा टाइप-सी चार्जर वाढायला सुरुवात करतो. स्वस्तातल्या पाट्यांवर दोन-चार पैशांचे ते रोध गाळतात, आणि लोक चांगल्या चार्जरला शिव्या देत बसतात. २०२१ पासून त्या तेवढ्याशा प्लगमधून २४० वॅटपर्यंत जायची सोय झाली आहे. अडीच वॅटसाठी मी दोन महिने काय काय केलं ते वर सांगितलंच.

मागच्या दिवाळीच्या आधी मामांचा फोन आला. आता ते डिझाइन काढत नाहीत, पोरगा काढतो, सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये. तरी जुना कॉम्प्युटर, जुनी डिस्क आणि माझी डबी मामांनी कोपऱ्यात तशीच ठेवलेली. सकाळी उठून चालू करायचे, चहा प्यायचे, दोन-चार जुने मोर उघडून बघायचे.

"पुन्हा करू लालंय बे," म्हणाले.

गेलो. टेबलाखालून टिक आलं आणि मग टक, टक, टक. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. कपॅसिटर सुकला असेल, पंधरा वर्षं झाली. बदलला की झालं. टाचण्या मागून घेतल्या, लाल-काळीत टोचल्या, मीटर लावला. ५.०३. डिस्कने उठायचा प्रयत्न केला. ५.०१. पुन्हा केला. ५.०२. मीटरच्या सरासरीवर माझा विश्वास बसेना म्हणून तो एसीवर टाकून लाटा मोजल्या. काहीच मिलिव्होल्ट. पोटभर वाढलेलं पान समोर होतं आणि डिस्क जेवत नव्हती.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सगळं पोराकडे आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. तीन ठिकाणी आहे."

"मग ही गेली, मामा."

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी मान हलवली. डिस्क काढून मी टेबलावर ठेवली. कॉम्प्युटर चालूच होता. मामांनी तो नेहमीसारखा बंद केला, आणि टेबलाखाली रिलेने टिक केलं.